पलीकडे कोणी नाही

गुलअफ्रोज भित्री होती. यात लपवण्यासारखं काही नाही, तिनंही ते कधी लपवलं नाही. ती कुत्र्याला भ्यायची, विजेच्या कडकडाटाला भ्यायची, आणि तालुक्याहून तपासणीला येणाऱ्या बाईंना तर इतकी भ्यायची की त्या यायच्या आदल्या दिवशी तिच्या पोटात अन्न ठरत नसे. लग्न केलं नाही. नवऱ्यालाही भ्याली असती, असं गावातल्या बायका म्हणायच्या. आणि नशिबाची गंमत बघा, तिला नोकरी मिळाली ती नेमकी रोज घराबाहेर काढणारी. बावीस वर्षं ती आमच्या दरेबीद दहिस्तानाच्या, म्हणजे डोंगरातल्या गावांच्या गटाच्या, आरोग्यघरात होती. लसी टोचायच्या, गरोदर बायकांची वजनं करायची, म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजायचा, आणि कुठल्या घरात कोण जन्मलं, कोण गेलं, कोण शहरात निघून गेलं ते नीट लिहून ठेवायचं. मागच्याच खोलीत ती राहायची आणि अंधार पडला की दाराला दोन कड्या लावायची.

आमचं दहिस्तान कागदावर मोठं दिसतं. अकरा गावांची नावं आहेत. त्यातल्या चार गावांत आता भिंती तेवढ्या उभ्या आहेत आणि अक्रोडाची झाडं, ज्यांचे अक्रोड माकडासारखी पोरं येऊन नेतात. उरलेल्या सात गावांत मिळून चारशेला थोडी कमी माणसं. ती सगळी गुलअफ्रोजच्या पायांना पाठ होती. दरेबीदपासून सरआब अर्धा तास, तिथे एकवीस घरं. देहनौला पाऊण तास चढ, चौदा घरं. त्याच्याही वर बर्दगोरी, तिथे तीन घरं आणि घरटी चार कुत्री. तिथे जाताना ती खिशात भाकरीचे तुकडे घेऊन जायची आणि वाटेत मोठ्यानं सगळ्या इमामांची नावं घ्यायची. आणि सगळ्यात जवळचं गाव म्हणजे चाल-बलूत. आरोग्यघर नदीच्या वळणावर, वस्तीपासून जरा लांब आहे. दरेबीदच्या घरांतून चाल-बलूत दिसत नाही, मध्ये डोंगराची सोंड येते. पण आरोग्यघराच्या दारात उभं राहिलं की पलीकडच्या चुलींचा धूर मोजता यायचा. फक्त मध्ये नदी होती.

इथे नदीवर पूल नाही, वरचा पूल दिवसभराच्या वाटेवर. एका कड्यापासून दुसऱ्या कड्यापर्यंत जाड तार ताणलेली आहे, तारेवर कप्पी, आणि कप्पीला टांगलेला लोखंडी पाळणा. पाळण्यात बसायचं आणि डोक्यावरची तार हातांनी मागे ओढत ओढत पुढे सरकायचं. लक्ष जरा इकडेतिकडे गेलं की कप्पी बोट घेते. चाल-बलूतमध्ये दहा बोटं शाबूत असलेला पुरुष शोधावा लागेल.

अकरा वर्षांपूर्वी, बर्फ वितळायच्या दिवसांत, लसींचा डबा मांडीवर घेऊन गुलअफ्रोज त्या पाळण्यात बसली आणि नेमकी मधोमध अडकली. कप्पी जाम झाली. खाली नदी फुगलेली, पाणी पाळण्याच्या तळाला थपडा मारतंय. तासभर ती डोळे मिटून ओरडत होती. शेवटी चाल-बलूतचा हैबतुल्ला, ज्याला सगळे हैबत आमू, म्हणजे हैबतकाका, म्हणायचे, तारेला हातापायांनी लटकून तिच्यापर्यंत आला, कप्पी मोकळी केली आणि तिला ओढून पलीकडे नेलं. तेव्हाच त्याचं वय साठीच्या पुढे होतं. काठावर उतरवल्यावर तो म्हणाला, "ओरडायला चांगला दम आहे तुझ्यात, पोरी. तेवढाच ओढायला लावला असतास तर केव्हाच पोचली असतीस."

त्या दिवसानंतर ती पुन्हा पाळण्यात बसली नाही. लोक कनवाळू होते. पलीकडच्या बायका तान्ही पोरं पाठीला बांधून अलीकडे यायच्या, म्हातारे रक्तदाब मोजून घ्यायला यायचे, आणि सगळे तिला 'काठावरची खानम', काठावरच्या बाई, म्हणून चिडवायचे. ती हसायची. वहीत मात्र दर महिन्याला लिहायची: चाल-बलूत, गृहभेट दिली. तपासनीस बाईंनी वही चाळली की तिचा श्वास त्या ओळीपाशी थांबायचा.

चाल-बलूतच्या नऊ घरांची रीत अशी की शरद लागला की शेळ्यामेंढ्या घेऊन खालच्या उबदार मुलुखात उतरायचं आणि वसंतात, नव्या वर्षाचा नौरोज झाल्यावर परत यायचं. निघण्याआधी प्रत्येक घर आरोग्यघरात येऊन सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन जाई. त्या वर्षी आठ घरं येऊन गेली. नववं घर हैबत आमूचं. त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी कपाटात तशीच राहिली.

शरदातच, आबान महिन्यात, माणसांची गणती आली. दर पाच वर्षांनी येते. शहरातून परवीझी नावाचा एक सडपातळ तरुण आला, नवीन बूट, गळ्यात ओळखपत्र, हातात ती बोटानं चालवायची पाटी. तीन दिवस गुलअफ्रोज त्याला घरोघरी फिरवत होती. चौथ्या दिवशी दोघं नदीच्या काठावर येऊन उभी राहिली. धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, तार धुक्यात शिरून नाहीशी झाली होती. पाळणा वाऱ्यानं कुरकुरत होता.

परवीझीनं पाळण्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. "पलीकडे कोण राहतं, खानम?"

"नऊ घरं. पण आता नाहीत. कूच झालं."

"म्हणजे त्यांची मोजणी खाली होणार. पण एखादं घर मागे राहिलेलं नाही ना? कोणी कायमचं राहणारं?"

गोळ्यांची पिशवी गुलअफ्रोजच्या डोळ्यांपुढे आली. हैबत आमूनं उन्हाळ्यात शेवटच्या शेळ्या विकल्या होत्या, तेही तिला माहीत होतं. विकत घेणारा त्यांना तिच्याच दारावरून हाकत घेऊन गेला होता. शेळ्याच नाहीत तर माणूस कूच कशासाठी करेल? हे सगळं तिच्या मनात आलं, आणि त्याच्या मागोमाग हेही आलं की 'असेल कदाचित' असं म्हटलं तर आत्ता, या धुक्यात, पाळण्यात बसावं लागेल.

"पलीकडे कोणी नाही," ती म्हणाली.

"तुमच्या शब्दावर लिहू?"

"लिहा ना. बावीस वर्षं आहे मी इथे."

त्यानं लिहिलं. दोघंही सुटल्यासारखी हसली, आणि आरोग्यघरात जाऊन त्यांनी गरम चहा प्यायला.

तीन दिवसांनी धुकं उठलं आणि चाल-बलूतवर एक धूर दिसला. एकच, सरळ वर जाणारा. गुलअफ्रोज दारातच खाली बसली. परवीझीनं आपला नंबर देऊन ठेवला होता. तिनं तो फिरवला, पहिली घंटी वाजली आणि तिनं फोन बंद केला. काय सांगणार होती? आपण न बघता बोललो? मग तो विचारेल, का नाही बघितलंत. आणि मग कोणीतरी वही मागेल, आणि अकरा वर्षांच्या गृहभेटी एकेक करून बाहेर येतील. गावात एकाला सांगणं म्हणजे सगळ्यांना सांगणं. ती कोणालाच बोलली नाही. माणूस वाईट नसतानाही किती वाईट वागू शकतो, ते बघायचं असेल तर भ्यालेल्या माणसाकडे बघावं.

दुसऱ्या दिवशी ती काठावर गेली आणि तोंडाभोवती हात धरून ओरडली. हिवाळ्यात नदी आटलेली असते, आवाज पोचतो. पलीकडच्या वाटेवरून माहबीबी उतरून आली, हैबत आमूची बायको, ठेंगणी, गोल, काळी ओढणी डोक्यापासून कमरेपर्यंत घट्ट गुंडाळलेली.

"जिवंत आहोत गं! इतक्या मोठ्यानं ओरडू नकोस, कडा कोसळेल!"

"कूचाला का नाही गेलात?"

"कोणाला घेऊन जाऊ? म्हाताऱ्याला पुढे घालून हाकू का? शेळ्यांसारखा सरळ चालतही नाही तो!"

"आमूच्या गोळ्या राहिल्यात!"

"मग ये घेऊन!"

गुलअफ्रोज एक पाऊल मागे सरकली. पलीकडून हसण्याचा आवाज आला. "बरं बरं, नको येऊस. पाळण्यात ठेव, मी ओढून घेते."

पाळण्याला दोन्ही काठांवरून दोर बांधलेला होता. तिनं गोळ्या ठेवल्या, चहाची पुडी, साखरेचे खडे, थोडा खजूर ठेवला. पाळणा माणसाविनाच डुलत डुलत पलीकडे गेला. तो मधोमध पोचला तेव्हा तिनं तोंड फिरवलं. पण मग तिला बरं वाटू लागलं. इतकं बरं, की तिला स्वतःची लाज वाटली. म्हणजे असंही जमतं तर! कोणाला काही कळायची गरज नाही. नौरोजनंतर बाकीची घरं परत येतील, चाल-बलूत पुन्हा भरेल, आणि आबानमधला तो आकडा कोणाच्या लक्षातही राहणार नाही.

दर मंगळवारी ती पाळणा पाठवू लागली. सुरुवातीला दोन वेळा हैबत आमू स्वतः आला. काठीवर रेलून उभा राहिला, हात हलवला. त्यानंतर माहबीबी एकटीच येऊ लागली.

"आमू कुठे आहे?"

"झोपलाय."

"दिवसा?"

"मग काय करेल? इथे नाचायला पाहुणे आलेत का?"

"खोकला आहे?"

"थोडा."

"पाय सुजलेत का? बीबी, पाय बघ, बोटानं दाबून बघ, खड्डा राहतो का!"

माहबीबीनं हात वर करून हलवला, ज्याचा अर्थ काहीही होऊ शकत होता, आणि पिशवी घेऊन वर चढू लागली.

गुलअफ्रोजला कळत होतं. बावीस वर्षांत एवढं कळतंच. रक्तदाब न मोजता गोळ्या पाठवणं म्हणजे आंधळेपणानं दगड मारणं. महिन्यातून एकदा डॉक्टरांची गाडी दहिस्तानात फिरायची, जिथे माणसं आहेत त्या प्रत्येक गावात थांबायची. डॉक्टर तरुण होते, पाळण्यात बसायला त्यांनी मागेपुढे पाहिलं नसतं. पण गाडीच्या यादीत चाल-बलूतपुढे शून्य होतं, आणि ते शून्य तिचंच होतं. ऐन थंडीच्या दे महिन्यात गाडी आली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "आणखी कुठे जायचंय?" तिनं तोंड उघडलं. "नाही," ती म्हणाली. गाडी गेली आणि ती आरोग्यघराच्या मागे जाऊन ओकली.

पुढच्या महिन्यात, बहमनमध्ये, मोठा बर्फ पडला. एका मंगळवारी पलीकडे कोणीच आलं नाही. गुलअफ्रोज दुपारपर्यंत काठावर उभी होती. त्या दिवशी तिनं पाळण्यात एक पाय ठेवला. लोखंड सरकलं, आणि तिचा पाय आपोआप बाहेर आला, जणू तो दुसऱ्या कोणाचा होता. ती बर्फात बसून रडली. "अगं ऊठ, गाढवे," ती स्वतःला म्हणाली, पण उठली ती घरी जाण्यासाठी. पुढच्या मंगळवारी माहबीबी आली, ओढणी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि पाळणा ओढून नेला. "बर्फ होता," एवढंच ओरडली. त्या दिवशी गुलअफ्रोजनं खजूर दुप्पट ठेवला होता. त्यानंतरचे दोन मंगळवारही माहबीबी आली आणि फार न बोलता गेली.

वर्षाच्या शेवटच्या इस्फंद महिन्याच्या मध्यावर, एका शनिवारी सकाळी, नदीकडून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. गुलअफ्रोज भिंतीवरचा तक्ता भरत होती. तिनं दारातून पाहिलं. काठावर एक पिकअप उभी होती. दोन माणसं होती. एक जण तारेच्या खांबापाशी गुडघ्यावर बसून मोठ्या पान्यानं नट सैल करत होता. ती चपलांशिवाय धावली.

"काय करताय? अहो, काय करताय हे?"

दुसरा माणूस वळला. दांडगा, पिकल्या मिशांचा, डोक्यावर लोकरीची टोपी. "सलाम, खानम. नामदारी. तालुक्याहून आलोय. तार काढायची आहे."

"का?"

"का म्हणजे? पाळणे धोक्याचे आहेत. मागच्या वर्षात खालच्या बाजूला दोन माणसं गेली. जिथे माणसं राहतात तिथे पूल होईल तेव्हा होईल, तोवर पाळणा ठेवायचा. जिथे वस्ती नाही तिथला काढून टाकायचा. हुकूम आहे." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "चाल-बलूत. लोकसंख्या शून्य. उन्हाळ्यात जी कूचवाली येतात ती वरच्या पुलानं फिरून येतील."

गुलअफ्रोजच्या कानांत नदीचा आवाज भरला. बर्फ वितळायला लागला होता, पाणी कालच्यापेक्षा वर होतं, मातकट, फेसाळ. तिला वाटलं की गप्प राहावं. खरंच असं वाटलं. मी काही तिला सजवून सांगत नाही. तार गेली की प्रश्नच मिटला, कोणी तिला पलीकडे जा म्हणू शकणार नाही. हे मनात आलं आणि स्वतःचीच भीती तिला नदीच्या भीतीपेक्षा मोठी वाटली.

"पलीकडे माणसं आहेत," ती म्हणाली.

"काय?"

"दोन माणसं आहेत. म्हातारा-म्हातारी."

नामदारीनं कागद पुन्हा बघितला. "इथे शून्य आहे."

"चुकीचं आहे."

"गणतीचा आकडा आहे, खानम. कोणी सांगितला हा?"

"मी."

खांबापाशी बसलेल्या माणसानं पाना थांबवला. नामदारी तिच्याकडे बघत राहिला, रागानं नाही, तर वजन करत असल्यासारखा. "तुम्ही बघून सांगितलं होतं?"

"नाही. मला पाळण्याची भीती वाटते." एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबता येईना. "अकरा वर्षं पलीकडे गेले नाही. वहीत खोटं लिहिलंय. सगळं खोटं. तुम्ही हवं तिथे सांगा, पण तार काढू नका. धूर दिसायचा त्यांचा. बघा ना..." तिनं वर बोट केलं.

धूर नव्हता. तिघंही आकाशाकडे बघत राहिली. छपरांवरचा बर्फ पांढरा, वर निळं आभाळ, मध्ये काहीच नाही. तिनं कंठ फुटेस्तोवर हाका मारल्या. नदीनं त्या गिळल्या.

"हे बघा, खानम," नामदारी हळू म्हणाला, "तुमच्या तोंडच्या शब्दावर एकदा शून्य झालं. आता तुमच्याच शब्दावर मी दोन करू? मला कोणीतरी डोळ्यांनी बघितलेलं हवं. आमच्या माणसांनी यात पाय ठेवायचा नाही असा लेखी हुकूम आहे, म्हणून तर हे काढतोय. दुपारपर्यंत थांबतो. कोणाला तरी पाठवा."

कोणाला? गावात जाऊन माणूस आणायला तासभर, समजावण्यात आणखी अर्धा. आणि धूर नव्हता. थंडीच्या दिवसांत चूल विझत नाही, कोणी विझू देत नाही.

"नट घट्ट करा," ती म्हणाली. खांबापाशी बसलेल्या माणसानं नामदारीकडे पाहिलं. "घट्ट करा म्हणते ना!"

ती कशी बसली ते तिला पुढे कधीच आठवलं नाही. एवढंच आठवतं, की नामदारीनं आपले चामड्याचे हातमोजे काढून तिच्या हातांत चढवले आणि म्हणाला, "कप्पीच्या पुढे धरा, मागे नाही. अडकलात तर दोरानं आम्ही मागे ओढून घेऊ." मग काठ सुटला.

ती खाली बघत नव्हती, तरी नदी दिसत होती, पापण्यांच्या आतून दिसत होती. पाण्याचे तुषार घोट्यांपर्यंत आले. तार बर्फासारखी थंड होती आणि हातमोज्यांतूनही थरथरत होती. ओढलं की पाळणा हातभर पुढे सरके आणि अर्धा हात मागे येई. मधोमध, जिथे तार सगळ्यात खाली झुकते, तिथे कप्पी कुरकुरली आणि अडकली. तिच्या तोंडून इमामांची नावं येत होती, मग आईचं नाव, मग नुसताच आवाज. तिला वाटलं, आता मी मरणार, आणि वहीत कोण लिहिणार? कप्पी सुटली. तिथून पुढे चढ होता आणि दंडांत त्राण नव्हतं. तिनं दातांनी ओठ फोडला. पलीकडच्या काठाला पाळणा आपटला तेव्हा ती बाहेर पडली नाही, गळून सांडली.

वाट तिला आठवत होती. चार पायांवरच चढली म्हणा ना. हैबत आमूच्या घराचं दार लोटलेलं होतं. आत अंधार, गार राख, आणि कोपऱ्यात गोधडीखाली माहबीबी बसलेली. जिवंत. गुलअफ्रोजनं भिंतीला धरलं.

"बीबी! चूल का विझलीय?"

माहबीबी तिच्याकडे बघतच राहिली. "या खुदा. तू कशी आलीस?"

"चूल का विझली?"

"लाकडं ओली आहेत. हातात जोर नाही राहिला. तू... पाळण्यातून आलीस?"

ती उठायला लागली आणि डोक्यावरची ओढणी मागे सरली. गुलअफ्रोजनं पाहिलं. बावीस वर्षं ती त्या दोन वेण्या बघत आली होती, मेंदीनं लाल केलेल्या, छातीवर येणाऱ्या. त्या नव्हत्या. कानांखाली केस वेडेवाकडे कापलेले होते. आमच्या बायका वेण्या कशासाठी कापतात ते कोणाला विचारावं लागत नाही.

"केव्हा?" तिनं विचारलं. तिला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही.

"मोठ्या बर्फात. आज तेवीस दिवस."

तेवीस दिवस. त्यात तीन मंगळवार. गुलअफ्रोजची नजर फळीवर गेली. तीन पिशव्या ओळीनं ठेवलेल्या होत्या, गाठही न सोडलेल्या.

"मेंढवाड्यात पुरला," माहबीबी सांगत होती, जणू घरातल्या कुठल्याशा कामाबद्दल. "बाकी जमीन दगडासारखी झालेली. तिथे लेंड्यांमुळे माती मऊ होती. दोन दिवस लागले. तोंड किब्ल्याकडे केलंय. वर दगड रचलेत, लांडग्यांसाठी. नमाज मला जेवढा येतो तेवढा पढले. वेण्या तिथेच ठेवल्यात."

"मला का नाही सांगितलंस?" गुलअफ्रोज किंचाळली. "काठावर येत होतीस ना! तोंड उघडता येत नव्हतं? आजारी पडला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. त्या पायांना खड्डा पडत होता, तू म्हणालीस तसा. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. मी म्हटलं, उद्या हाक मारते पोरीला, काहीतरी करेल, डॉक्टर आणेल. त्यानंच नको म्हटलं." माहबीबीनं ओढणी पुन्हा डोक्यावर घेतली. "म्हणाला, तिला सांगू नकोस. भित्री असली तरी लाजेखातर निघेल, आणि अडकेल मध्येच. आता तिला ओढून आणायला मी नाही."

गुलअफ्रोज जमिनीवर बसली. हातमोजे अजून हातांत होते. ते काढायचंही तिला सुचलं नाही. तिनं कपाळ माहबीबीच्या गुडघ्यावर टेकवलं आणि मोठ्यानं रडली, आमच्याकडे मयतावर रडतात तसं, नाव घेऊन. माहबीबीला तेवीस दिवसांत सोबतीला रडणारं कोणी मिळालं नव्हतं. तीही रडली.

"मी सांगितलं होतं त्यांना," गुलअफ्रोज हुंदक्यांतून म्हणाली, "आबानमध्ये. पलीकडे कोणी नाही म्हणून. मीच सांगितलं. म्हणून डॉक्टर आले नाहीत, बीबी. तुम्ही दोघं होतात आणि मी शून्य सांगितलं."

माहबीबीनं तिच्या डोक्यावरचा हात काढला. विझलेल्या चुलीकडे बघत राहिली. मग तो हात तिनं परत ठेवला, पण पहिल्यासारखा नाही, जड.

"चल माझ्याबरोबर," गुलअफ्रोज म्हणाली. "ते तार काढायला आलेत. पलीकडे माझ्याकडे राहा."

"आणि याला एकट्याला ठेवू? नौरोज झाला की सगळे येतील, त्याच्यावर नीट नमाज होईल, मग बघू." तिनं ओल्या लाकडांकडे बोट केलं. "त्यांना सांग, इथे माणूस राहतं."

नदीकडून पिकअपचा भोंगा वाजला. एकदा, मग पुन्हा लांब. गुलअफ्रोज उठली आणि वाटेच्या टोकाला जाऊन उभी राहिली. पलीकडे नामदारी दोन्ही हात तोंडाशी धरून काहीतरी ओरडत होता, पण पाण्याच्या आवाजात एक अक्षर पोचत नव्हतं. तेही त्याच्या लक्षात आलं असावं. त्यानं हात उंच केला आणि दोन बोटं दाखवली. दोघं आहेत ना?

तिनं हात वर केला. एक बोट.

त्याला वाटलं, तिला कळलं नाही. त्यानं पुन्हा दोन बोटं दाखवली, हलवून, ठळकपणे. तिनं आपला हात दुसऱ्या हातानं मनगटाशी धरला आणि पुन्हा एकच बोट वर केलं, आणि त्याला समजेपर्यंत खाली घेतलं नाही.

नामदारीचा हात हळूहळू खाली आला. त्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग तो खांबापाशी बसलेल्या माणसाकडे वळला आणि त्याला काहीतरी म्हणाला. त्या माणसानं पाना उचलला आणि नट पुन्हा एकदा घट्ट केले.